गादीची खोड

माझे सासरे कारभारीमामा घोडेगावच्या बाजाराला निघाले, की निम्मं गाव म्हैस पारखून घ्यायला त्यांच्या मागं लागतं. गादी मात्र त्यांनी जन्मात विकत घेतली नव्हती. दोन महिने झाले, सासूबाईंची, म्हणजे आत्यांची, कंबर ठणकत होती. झोप अशी नव्हतीच. डॉक्टर म्हणाले, आधी चांगली गादी घ्या. म्हणून आम्ही तिघं नगरला निघालो.

"जनावराचं तोंड उघडून दात बगता येत्यात. हिचं काय उघडायचं?" मामांनी एसटीतच विचारलं. प्रश्न खरा होता. मी मोबाईलवर शंभर जणांची मतं वाचून आले होते आणि तरी मला काही कळलं नव्हतं.

पहिल्या दुकानात मामांनी गादीला दोन थापा मारल्या. "हिची खोड काय हाय?"

"खोड? काका, एक नंबर माल आहे!"

मामा लगेच बाहेर. "बिनखोडीचं जनावर बाजारात कोन आनंल?"

दुसऱ्यानं आतल्या फोमचा कापलेला तुकडा हातात दिला. मामांनी तो दाबला. "लई झ्याक हाय. पर तुकड्यावर कोन झोपनार? गादी उघडून दावा." दुकानदार म्हणाला, वॉरंटी जाईल. पुन्हा बाहेर. आत्या एव्हाना कंबरेवर हात ठेवून चालत होत्या आणि मला मामांचा राग यायला लागला होता.

तिसरं दुकान कल्याण नावाच्या माणसाचं. खोडीचा प्रश्न ऐकून तो हसला नाही. "ही उन्हाळ्यात तापते. आणि पहिले आठ दिवस वास येतो," असं म्हणत त्यानं कडेची चेन सरकवून आतले थर दाखवले. मामांनी आत बोटं घालून चाचपलं, नाक लावून वास घेतला आणि मान डोलावली. मला वाटलं, सुटलो.

"मावशी, जरा पडून बघा," कल्याण म्हणाला.

आत्या नुसत्या कडेला टेकल्या. नवऱ्यासमोर, परक्या माणसासमोर भरदिवसा आडवं पडायचं? त्यांनी पदर ओढून घेतला. "बरी हाय. घ्या." न मानवणारी गादी घरी आली असती, तर दहा वर्षं कण्हत झोपल्या असत्या, पण बोलल्या नसत्या.

"मग मी देत नाही. नुसतं टेकून घेतलेली गादी महिन्यात परत येते," कल्याण म्हणाला. त्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि मामांना शेजारी चहाला नेलं. मी पंखा लावला. कोणी नाही म्हटल्यावर आत्या लाजत लाजत पडल्या. थोडा वेळ छताकडं पाहिलं, मग कूस बदलली आणि चक्क झोपल्या.

मी सांगायला बाहेर आले, तर कल्याण मामांना विचारत होता, "मावशी कोणत्या कुशीवर झोपतात? त्यावरून ठरवू, हीच द्यायची की थोडी मऊ."

मामांचा कप ओठाशीच थांबला. गोठ्यातली कोणती म्हैस कोणत्या अंगावर बसते, हे ते डोळे मिटून सांगतील. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला ठाऊक होतं, पण मी मुद्दाम गप्प राहिले.

कप खाली ठेवून मामा वाकून शटरखालून आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले.

"डाव्या," ते हळू आवाजात म्हणाले. "चाळीस वर्सं झाली, मी कदी बगितलंच न्हाई." मग शटरसमोर स्टूल ओढून बसले. "उठवू नगा तिला. आमाला घाई न्हाई."