आयोडीनची जांभळी वाफ

कॉलेजच्या लॅबमधला हॅलोजनांचा तक्ता मी एकोणीस वर्षं पुसते आहे. सातवीत माझी शाळा सुटली. पुढचं शिक्षण फडक्यानं झालं. फ्लुओरीन फिकट पिवळा वायू, क्लोरीन हिरवट पिवळा वायू, ब्रोमीन तांबूस तपकिरी द्रव. सगळ्यांत खाली आयोडीन. करडं-काळं, चमकणारं, घन. वरून खाली येता येता एकेक जण संसाराला लागतं, असं आपलं माझं मत.

पण आयोडीन तापवलं की जांभळी वाफ येते म्हणे. ती मी कधीच पाहिली नव्हती. प्रयोगाच्या वेळी मी मागच्या नळावर नळ्या घासत असते. पोरींचं "अय्या!" ऐकू येतं. हात पुसून पोचते तोवर वाफ गेलेली.

रसायनशास्त्राचे सर, नविन त्यांचं नाव, तीस जूनला निवृत्त होणार. मार्चमध्येच म्हणाले, "जयवंतीबाई, शेवटचा प्रयोग तुम्ही पहिल्या बाकावर बसून बघायचा." उन्हाळाभर गावी, गंजाडला, मिरच्या खुडताना डोळ्यांपुढे तोच रंग.

कॉलेज उघडलं, कपाट उघडलं, तर बाटली जवळजवळ रिकामी! एप्रिलमध्ये तिचं काचेचं बूच फुटलं, तेव्हा ताडीच्या मडक्याला लावतात तसा पानांचा बोळा मी कोंबला होता. बोळा तपकिरी पडलेला, कपाटाची फळीसुद्धा.

"सर, आयोडीन गेलं."

"चोरीला?"

"आपणहून. बोळा मीच लावलेला. म्हटलं, घन आहे, कुठे जातंय!"

"अहो, ते न वितळताच उडून जातं. किती वर्षं शिकवतोय मी!"

"मुलांना शिकवता. मी नळावर असते."

सरांनी बाटली उचलली. मग तळाशी उरलेले चार कण त्यांनी परीक्षानळीत टाकले, नळीच्या तोंडाला ओला कापूस लावला.

"उद्याच्या प्रयोगाला मुलांना लागतील ते," मी म्हटलं. जीभ बोलली; डोळे नळीवरून हलेनात.

"बसा हो तुम्ही!"

स्पिरिटचा दिवा पेटला. आधी काहीच नाही. मग नळीत जांभळा रंग उठला. धूर नव्हे, धूर मी चुलीपाशी रोज बघते. असा रंग मला साडीतसुद्धा कधी मिळाला नाही. वर गार काचेला लागून त्याचे पुन्हा काळे, चमचमते कण झाले.

"झाली उद्याची सोय," सर म्हणाले. "भरलं मन?"

"नाही. अजून एकदा, सर."

त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला. बाहेर माझ्या घरच्या वाटेच्या, चारोटीच्या गाडीचा हॉर्न वाजला. ती नेहमी दोनदाच वाजवते आणि निघते. मी नळी ज्योतीवर धरली.