दुमडलेलं टोक

दिनेशने टेस्टर सॉकेटमध्ये खुपसला. दिवा लागला, तरीही त्याने चिंतेने मान हलवली.

"करंट तं आहे. मंग काऊन सुरू नाई होऊन राह्यला हा कंप्युटर?"

त्याची बायको दीपिका मागे उभी होती. केसांची वेणी अर्धीच घातलेली, डोळे भिंतीवरच्या घड्याळाला लागलेले. अकराला तिचा पेपर होता. नागपूरच्या एका कंपनीची टायपिंगची परीक्षा. घरूनच द्यायची, पण कॅमेरा लावलेल्या कंप्युटरवर, बंद खोलीत, एकटीने. मोबाइल चालणार नव्हता आणि दुसरी संधी मिळणार नव्हती. पास झाली तर सहा महिने नागपूरला शिकायला जायचं, मग नोकरी. दोन वर्षं स्वयंपाक उरकून तिने बोटं घासली होती ती या एका सकाळसाठी.

"बोर्ड बदलून पाहू," दिनेश म्हणाला, आणि उठून सावकाश दुसरा बोर्ड शोधायला गेला.

ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात याच दिनेशचं नाव होतं. मोटर बंद पडली की चार ठिकाणांहून त्याच्यासाठी फोन येत आणि तो चुटकीसरशी बिघाड हुडकून काढी. तोच माणूस आज पोथी वाचल्यासारखा एकेक वायर हातात घेऊन बघत होता. साप कुठे बसलाय हे त्याला पक्कं ठाऊक होतं; म्हणूनच तो दुसरीकडची भुई धोपटत होता.

पहाटे दीपिका न्हाणीघरात गेली तेव्हा त्याने कंप्युटरच्या डब्याचं झाकण उघडून बटणापासून आत जाणारी बारीक वायर उपटली होती. झाकण परत लावलं, हात धुतले आणि पुन्हा पांघरूण ओढून घेतलं. त्याआधी आठवडाभर मशीन आपणहूनच बंद पडत होतं. केंद्राची राख पंख्यात बसली होती. 'फुंकून द्या ना,' असं दीपिका रोज म्हणे आणि तो रोज 'रविवारी' म्हणे. मशीन मध्येच मेलं की त्या रात्री आपल्याला छान झोप लागते, हे एक दिवस त्याच्या ध्यानात आलं. आज ते आपणहून मरेल याचा भरवसा नव्हता. म्हणून त्याने हात लावला.

कारण विचाराल तर एवढंसंच. कँटीनमध्ये सोबत काम करणारा अंकुश म्हणाला होता, "वहिनी साहेब झाल्या का तू पोया लाटत बस." सगळे हसले, दिनेशही हसला, पण ते वाक्य तो घरी घेऊन आला. सासऱ्यांना मात्र त्याने सांगितलं होतं, "शिकू द्या न मामाजी, माही कुठी ना आहे?" पोटात एक आणि ओठांत एक ठेवायला त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

बाकी सगळं मात्र सासऱ्यांनीच शिकवलं होतं. देवराव हे केंद्रातले जुने इलेक्ट्रिशियन. दिनेशला त्यांनी हाताखाली घेतलं, वायर सोलण्यापासून घडवलं आणि शेवटी पोरगी दिली. नातेवाइकांनी विचारलं, या पोरात पाहिलंत काय? तर म्हातारा म्हणाला, "ज्याचा हात वायरीशी नीट, तो पोरीशी नीट." आता ते निवृत्त होऊन जिवतीकडे कोरडवाहू शेतात कापूस लावत होते.

"फारूकभाऊले बोलावतो मी," दीपिका म्हणाली.

"घरात इलेक्ट्रिशियन बसून आहे अन् तू दुकानातून माणूस आणशीन? कॉलनीत काय इज्जत राहीन माही?"

ती खुर्चीवर बसली. मेजाच्या कडेवर तिची बोटं हलू लागली. ती टाइप करत होती, लाकडावर. दिनेशला ते दिसलं, वाईटही वाटलं. पण त्याने मान वळवली आणि बोर्डाचे स्क्रू काढायला घेतले.

अकरा वाजून गेले. तेव्हा तिने त्याला न विचारता फोन लावला. दुर्गापूरचा दुकानदार फारूक दुसरीकडे कामावर होता. तो आला तेव्हा पेपर कधीच संपला होता. वरातीमागून घोडं. तोवर दिनेशने स्वतः चहा केला आणि कप तिच्यापुढे ठेवला.

"जाऊ दे. नशिबात नसन," तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला त्याला तिची फार माया आली. इतकी की आपणच हे केलं, याचाही त्याला विसर पडला.

फारूकने झाकण उघडून फुंकर मारली. राखेचा लोट उठला.

"या अल्ला. केंद्राची चिमणी यातच निघते का, भाभी?"

मग त्याने मोबाइलचा उजेड आत टाकला, दोन बोटं घातली आणि एक बारीक वायर बाहेर ओढली.

"ही पहा. बटणाची वायर. निघून होती, दुसरं काई नाई. पण याले टेप कोणं..."

तो बोलता बोलता थांबला. एकदा त्याने दिनेशकडे पाहिलं आणि मग खाली मान घालून उगाच स्क्रू गोळा करू लागला.

वायरीच्या तोंडाला पिवळा टेप होता. घट्ट, दोन वेढ्यांचा, आणि त्याचं टोक दुमडून इवलासा कान ठेवलेला. दिनेशनेही तो आत्ताच पाहिला. पहाटे हाताने आपलं नेहमीचं काम परस्पर उरकून टाकलं होतं. वायरीचं तोंड उघडं सोडायचं नाही आणि टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे मागून येणाऱ्याला नखं मारावी लागत नाहीत. ही देवरावांची शिकवण. दुष्टावा करतानाही हात त्यांच्याच चेल्याचा राहिला होता.

दीपिकाने तो कान चिमटीत धरून ओढला. टेप एका झटक्यात निघाला. फारूकने वायर जागेवर बसवली आणि बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा उजळला. परीक्षेचं पान उघडलं, त्यावर 'वेळ संपली' एवढंच होतं. फारूकने पिशवी उचलली. चहालाही तो थांबला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. 'बाबा' असं नाव होतं. दीपिकाने स्पीकर लावला आणि फोन दिनेशपुढे ठेवला. टेप तिच्या बोटाला चिकटलेलाच होता.

"जवाईबापू, झाला का पोरीचा पेपर?"

"नाई न मामाजी. कंप्युटरच सुरू नाई झाला."

"तुमी होते न घरी? फॉल्ट सापडला का नाई?"

दिनेशने टेस्टर खिशात घातला.

"सांगा न," दीपिका म्हणाली.

"बटणाची वायर निघाली होती."

"अरे बापा. उघडीच होती का? पोरीचा हात लागला असता तं?"

'हो' म्हटलं असतं तर तो सुटला असता. पण देवरावांपुढे वायर उघडी राहिल्याची कबुली त्याच्या तोंडून आजवर कधी निघाली नव्हती. ती आजही निघाली नाही.

"नाई मामाजी, टेप मारला होता."

पलीकडे शेतातल्या कुठल्यातरी बैलाची घंटा वाजली. मग म्हाताऱ्याने त्याला लग्नाआधीच्या नावाने हाक मारली, अगदी हळू.

"दिन्या, टोक दुमडलं होतं का?"