शेवटचं खाचर

हिरामणच्या मागं घरात दोन बैल राहिले, एक नांगर, पावसात डोक्यावर घ्यायची तीन इरली आणि भाताची एक कणगी. कणगी साडेतीन हात उंच. भात झोडून झालं की हिरामण तिच्यात काठी उभी घालायचा, भात कुठवर आलं ते हातानं मोजायचा आणि बायकोला हाक मारायचा, "झुंबर, बघ गं, यंदाबी काठोकाठ!"

तो वैशाखात गेला, तोही नाथाच्या छपरावर. पावसाआधी नाथाची कौलं चाळून द्यायला चढला आणि छातीत कळ आली. पेठकडच्या त्या पाड्यावर त्याचा हात न लागलेलं एकही छप्पर नव्हतं. दिवाळीनंतर गंगापूर रोडला बिल्डिंगांच्या कामाला जायचा, तिथूनही कुणाला कंदिलाची काच, कुणाला विळा घेऊन यायचा.

पाड्यावर पाच घरांची सावड होती. पाचही घरची माणसं मिळून एकेकाचं खाचर लावायची. पहिलं नाथाचं, शेवटचं हिरामणचं. "माझं राहू द्या मागं," असं त्यानंच ठरवून ठेवलेलं.

मृगाच्या तोंडाला शेजारचा सहादू दारात आला. मागं नाथा आणि त्याची बायको कुसाबाई.

"वैनी, बी काढा. आधी तुमचं पेरू, मंग आमचं."

"अवो, तुमचीच राबं पेरायची पडलीत अजून."

"पडू द्या की. दादानं जल्मभर आमचं आधी केलं. यंदा पेरणीत उलटं."

झुंबरबाईला भरून आलं. तिनं बी दिलं. तिचं रोप सगळ्यांच्या आधी वर आलं, हिरवंगार. जाणारायेणारा थांबून बघायचा.

लावण्या सुरू झाल्या. नाथाचं खाचर झालं, सहादूचं झालं, आणि पावसानं दडी मारली. चिखल वाळला. माणसं पडवीत बसून आभाळ बघू लागली. झुंबरबाई मात्र आपलं रोप बघायची. शेंडे पिवळे पडत होते.

पाऊस परतला, तिसऱ्या नंबरच्या जयरामच्या खाचरात चिखलणी झाली. त्या सकाळी तिनं आपल्या रोपाची एक काडी उपटली. बुडाशी कांडं धरलं होतं; असं जून रोप लावलं तर त्याला फुटवे येत नाहीत.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. हिरामण आपलं बी सगळ्यांच्या मागून टाकायचा. ती करवादायची, "लोकांचं करता करता घरचं राहतंय तुमचं." तो नुसता हसायचा. नंबर शेवटचा म्हणून बीही शेवटी. नंबर येईस्तोवर रोप नेमकं तयार व्हायचं.

काडी घेऊन ती जयरामच्या बांधावर गेली.

"सहादूभावजी, आमचं जरा मधी घेता का?"

"वैनी, नंबराची रीत दादानं लावलेली हाय. तो गेला म्हणून आमी मोडायची व्हय?"

तिनं काडी पुढं केली. सहादूनं बुडाशी बोट फिरवलं आणि चिखलातच खाली बसला.

"काय झालं रं?" नाथानं विचारलं.

"बी आपुन आधी टाकलं, नाथा. नंबर मातर तोच ठिवला."

मग कुसाबाई उसळली, "मंग बसलाय काय? चला उठा, आत्ताच लावू वैनीचं!"

बांधावर जयरामच्या रोपाच्या मुठी रचलेल्या होत्या. उपटलेलं रोप थांबत नाही. जयराम मुठींकडे न बघता म्हणाला, "माझं ऱ्हाऊ द्या पडून. जा तुमी."

"नाय," झुंबरबाई म्हणाली. "हे असते तर तुमचंच आधी लावलं असतं."

तिनं पदर खोचला, एक मूठ उचलली आणि खाचरात उतरली.

तिच्या नंबराला पाचही घरं आली. प्रत्येकानं आपल्यातलं दोन-चार मुठी रोप राखून आणलं होतं. त्यात एक कोपरा झाला. बाकी सगळीकडे तेच जून रोप लावलं.

झोडणीलाही सगळे आले. एरवी कुसाबाईच्या थट्टेनं खळं दणाणायचं. त्या दिवशी ती मान खाली घालून झोडत राहिली. भात कणगीत ओतून झालं. सहादू पाठमोरा होऊन पेंढा बांधू लागला. झुंबरबाईनं कोपऱ्यातली काठी घेतली, कणगीत उभी घातली, बाहेर काढली आणि हातानं मोजली.

एक हात, चार बोटं.