महावीरची खोली

डिसेंबर लागला त्या सकाळी उज्ज्वला बिरनाळेच्या घरात चार खोल्या जास्त निघाल्या, आणि त्यांतल्या तीनच तिच्या होत्या.

पहिली फ्रिजशेजारी उघडत होती. दार ढकलल्याबरोबर तिनं ओळखलं. वर्षभरात तिला सगळ्यात आवडलेली वेब सिरीज ज्या पोलीस चौकीत घडली होती, ती चौकी. तोच घरघरणारा पंखा, भिंतीवर तीच ओल, आणि टेबलामागं इन्स्पेक्टर मोहोळकर, खिडकीच्या उजेडाकडं अर्धा चेहरा करून बसलेला. दुसरी खोली कपाटाएवढीच होती, कारण गाणं छोटं होतं. हळदीत, वरातीत, गणपतीत सगळीकडं वाजलेलं गाणं. आत पाय ठेवला की फरशीच पाय उचलून द्यायची. तिसरी खोली सिनेमाची. साठी उलटलेल्या बायकांच्या कबड्डी संघाचा तो सिनेमा तिनं दोनदा पाहिला होता. आता झोपायच्या खोलीतून थेट त्यांच्या लाल मातीच्या मैदानात उतरता येत होतं. बायका वाकून, दम धरून उभ्या होत्या. उज्ज्वलाला बघून त्यांची कप्तान दम न सोडता नुसती हसली.

उज्ज्वलाला फारसं नवल वाटलं नाही. ती जयसिंगपुरात ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून लोकांना क्लच आणि ब्रेकमधला फरक सांगायचा, आणि घरी आल्यावर पाय वर घेऊन काहीतरी बघायचं. इतकं बघितलेलं कुठंतरी साठणारच. शेजारच्या शेडबाळे काकूंच्याकडं तर डान्सच्या कार्यक्रमाचा अख्खा स्टेज निघाला होता. त्याच्या लाईटखाली त्यांनी मिरच्या वाळत घातल्या होत्या.

चौथं दार बाथरूमच्या पुढं होतं. ते उघडल्यावर मात्र ती उंबऱ्यातच थबकली.

आत पत्र्याची लांबलचक शेड होती. लाकडी बाकांवर दहाबारा माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी. शेडच्या टोकाला दगडी धक्का आणि त्याच्या पायऱ्यांना लागलेलं खाडीचं पाणी. वारा खारट होता. लाँचची वाट बघायची जागा असावी, पण लाँच नव्हती, आणि ती कधी येणार असं कुणी कुणाला विचारतही नव्हतं. उज्ज्वलानं असलं काही कधी बघितलेलं नव्हतं. बघितलं असतं तर पहिल्या पाच मिनिटांत बंद केलं असतं.

मधल्या बाकाच्या कडेला एक जागा रिकामी होती. तिथलं लाकूड बसून बसून गुळगुळीत झालं होतं.

नाश्त्याला ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, बाथरूमजवळची ती खोली कसली?"

महावीरनं पोह्यातली मिरची बाजूला काढली. "माझी आहे."

"तुम्ही कधी काय बघता?"

"बघत नाही. ऐकतो. दुकानात, मोटार भरताना."

"काय ऐकता?"

"तसं विशेष काही नाही," तो म्हणाला, आणि ताट घेऊन उठला.

महावीरचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पंपांतली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची, असं काम. उज्ज्वलाला त्याच्या शर्टाचं माप माहीत होतं, चहातली साखर माहीत होती, झोपेत तो कुठल्या कुशीवर वळतो तेही माहीत होतं. या माणसाला एखादी गोष्ट आवडत असेल, इतकी आवडत असेल की तिची खोली व्हावी, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. रोजच्या रस्त्यावर अचानक एक वळण दिसावं तसं तिला झालं. त्या वळणानं जाऊन बघावंसं वाटायला लागलं.

ती मोहोळकरकडं गेली.

"संशय पहिला नवऱ्यावर घ्यायचा असतो," मोहोळकर म्हणाला.

"त्यांनी काही केलेलं नाही. त्यांना काय आवडतं तेवढंच मला कळायला हवंय."

"ते शोधायला वेळ लागेल, मॅडम. आमच्याकडं शेवटच्या भागाशिवाय काही सापडत नाही."

तरी तो उठला. बाथरूमजवळच्या दारापाशी गेला आणि कान लावला. मग त्याचा अर्धा चेहरा फिका पडला.

"आत काही घडत नाहीये," तो म्हणाला. "अशा ठिकाणी मी टिकणार नाही." तो चौकीत परत गेला आणि त्यानं आतून कडी लावली.

त्यानंतर खोल्या वाढायला लागल्या आणि घर आवळत गेलं. मैदानाच्या लाल मातीनं पलंग एका बाजूला सरकवला, मग उभा केला. हॉल बोळाएवढा झाला. स्वयंपाकघराचा ओटा तवा मावेल एवढाच उरला, आणि उज्ज्वला एका बाजूनं भाकरी थापून दुसऱ्या बाजूला जाऊन भाजायला लागली. ती मैदानात जेवायची. महावीर ताट घेऊन त्याच्या शेडमध्ये जायचा. बोळात समोरासमोर आले की एकानं भिंतीला पाठ लावून दुसऱ्याला वाट द्यावी लागे.

एका रविवारी सकाळी ती बाथरूमजवळ दात घासत उभी असताना चौथ्या दारामागून हसण्याचा आवाज आला. मोठं, मोकळं, मध्येच ठसका लागलेलं हसणं. कोण हसतंय ते तिला आधी कळेना. मग कळलं आणि तिच्या तोंडातला फेस तसाच राहिला. महावीर हसत होता. घरात तो हसायचा, पण ते नाकातून.

तिनं दार ढकललं. दार उघडलं, पण उंबरा अरुंद झाला होता. खांदा जाईना. आडवी झाली तरी जाईना.

"अहो!"

"आत ये की," आतून तो म्हणाला.

"येता येत नाही."

"आवडल्याशिवाय नाही येता येत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. "तुझ्या मैदानात मी परवा जाऊन बघितलं. मला पण माती पाय टेकू देईना."

हे ऐकून उज्ज्वलाला वाईट वाटलं. तो येऊन गेला होता, आणि तिला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी महावीर एका कानाचा इअरफोन घरी विसरून गेला. बेसिनवर पडल्या पडल्या इअरफोन बोलतच होता. उज्ज्वलानं तो एका कानात घातला आणि कामावर गेली. त्यात शेडमधलीच माणसं होती. एकेक जण पिशवी उघडून आत काय आहे ते सांगायचा. बाकीचे ऐकायचे. मध्येच कुणी खोकायचं, पाण्याचा चुबुकचुबुक आवाज यायचा. बस्स. पहिल्या माणसाच्या पिशवीत वापरलेले दोर होते. कुठला दोर कशाला बांधला होता ते तो सांगत बसला. उज्ज्वलाला जांभई आली. 'हे काय आवडायचं?' असं तिच्या मनात आलं. महावीर वर्षभर हे ऐकत होता?

शेजारी बसून गाडी शिकणारी बँकेतली मुलगी म्हणाली, "मॅडम, थर्ड टाकू?"

"टाक," उज्ज्वला म्हणाली.

मग एक बाई बोलायला लागली. तिच्या पिशवीत दाराचं हँडल होतं. फक्त हँडल. ती म्हणाली, घर विकलं तेव्हा सगळं दिलं, पण आतून दार उघडायला हे लागतं म्हणून हे काढून घेतलं. आणि ती गप्प झाली. कुणी पुढं काही विचारलं नाही. पाणी तेवढं वाजत राहिलं. ते गप्प राहणं इतकं लांबलं की उज्ज्वलानं एका हातानं इअरफोन कानात आणखी दाबून धरला. गाडी गतिरोधकावरून धाडकन गेली, मुलगी किंचाळली, आणि आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवायचा राहिला, हे उज्ज्वलाच्या नंतर लक्षात आलं.

दुपारी घरी येऊन ती सरळ चौथ्या दाराशी गेली. उंबरा तेवढाच अरुंद दिसत होता, पण ती आत गेली.

महावीर त्याच्या जागेवर बसला होता. दुकान बंद ठेवून आला असावा. तिला बघून तो थोडा सरकला. गुळगुळीत लाकूड दोघांना पुरलं.

"बाई कुठली?" तिनं हळूच विचारलं. "हँडलवाली?"

महावीरनं डोळ्यांनी दाखवलं. समोरच्या बाकावर जांभळ्या लुगड्यातली बाई होती. तिनं मान हलवली. "या वहिनी. हे सांगत होते, तुम्ही गाडी शिकवता."

"आणखी काय सांगत होते?"

"पिशवीत होतं तेवढंच."

उज्ज्वलानं नवऱ्याकडं बघितलं. त्याच्या पायाशी कापडी पिशवी घडी घालून ठेवलेली होती. "तुमच्या पिशवीत काय होतं?"

"ते सांगून झालं."

"मला सांगा की."

"इथं परत सांगत नाहीत," तो म्हणाला. बोलताना तो तिच्याकडं बघत होता, आणि वाईट त्यालाही वाटत होतं हे तिला दिसलं. "पावसाळ्यात, दुकानात ऐकता ऐकताच सांगून झालं. तू नव्हतीस."

 खाडीवर ऊन पडलं होतं. मागं वळून बघितलं तर दाराच्या जागी पत्र्याची एक फट होती. फटीतून लाल माती आणि घरघरणारा पंखा दिसत होता, तोही आता अंगठ्याएवढा. तिकडून कप्ताननं सोडलेला दम एकदाचा ऐकू आला, आणि फट मिटली.

दोरवाला म्हातारा म्हणाला, "सगळ्यांचं झालं. आता वहिनींचं राहिलं."

"मी काही आणलेलं नाही," उज्ज्वला म्हणाली.

पण तिच्या मांडीवर पिशवी होती. निळी, जाड कापडाची. ती तिनं कधी विकत घेतली नव्हती, तरी पिशवीचे बंद तिच्या हातात नेहमीच्यासारखे बसले होते. पिशवी जड होती आणि खालून गार लागत होती. शेडमधली सगळी माणसं पुढं वाकली. महावीरनं आपल्या कानातला दुसरा इअरफोन काढून खिशात टाकला. त्याला इतकं लक्ष देऊन तिच्याकडं बघताना तिनं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

तिनं चेन ओढली.

आत पाणी होतं. काठोकाठ, संथ, आणि खूप दूरवर पसरलेलं. त्याच्या पार पलीकडं एक ठिपका होता. ती टक लावून बघत राहिली. ठिपक्याला छप्पर आलं, मग धूर आला.

"काय आहे?" बाईनं विचारलं.

"लाँच," उज्ज्वला म्हणाली. "येतीये."

कुणी आनंदानं ओरडलं नाही. सगळे उठले, पिशव्या उचलल्या, आणि तिच्यासमोर रांगेत उभे राहिले. म्हाताऱ्यानं चप्पल काढून हातात घेतली. "धरा नीट," तो म्हणाला. तिनं दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड ताणून धरलं. त्यानं एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि पाण्यावर गोल लाटा उठून काठाला लागल्या. मग जांभळ्या लुगड्यातली बाई गेली. मग बाकीचे. पिशवी जड होत नव्हती, पण बंद तिच्या बोटांत रुतायला लागले होते. आपण सोडले तर पिशवी मिटेल, हे तिला कुणी न सांगताच कळत होतं.

शेवटी शेडमध्ये महावीर तेवढा उरला. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. आत भोंगा वाजला, अगदी जवळ.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "मी धरते."

महावीरनं चप्पल काढली. त्यानं आत वाकून बघितलं, मग तिच्याकडं बघितलं, आणि हात पुढं करून एका बाजूचा बंद तिच्या बोटांतून आपल्या हातात घेतला.