एकोणीस तळटिपा

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक पडद्याजवळ नेलं आणि एका बोटाने अक्षरं शोधत शोधत ‘धुरी’ असं टाइप केलं. मग शेजारच्या चौकटीत ‘भिवा’. दोन चौकटी भरायला चार मिनिटं गेली.

“आडनाव आधी कशाला?” त्यांनी विचारलं. “हजेरी घेतल्यासारखं वाटतं.”

“यादी आडनावाने लागते, मामा. तुमच्या खोक्यात कार्डं कशी लावलीत?”

“चाळींप्रमाणे. चाळीत पुन्हा जिन्यांप्रमाणे.”

“म्हणजे ज्याने ते जिने चढले नाहीत, त्याला काही सापडायचं नाही.”

अप्पांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मृणालिनी त्यांच्या बहिणीची मुलगी. दादरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. गेले तीन रविवार ती गिरगावात त्यांच्या खोलीवर येत होती, स्वतःचा लॅपटॉप टेबलावर मांडत होती आणि संशोधकांचं ते संदर्भांचं सॉफ्टवेअर त्यांना शिकवत होती. पुस्तक असेल तर या चौकटी, पत्र असेल तर त्या, मुलाखत असेल तर आणखी वेगळ्या. एकदा नोंद नीट केली की मजकुरात हवी तिथे तळटीप आपोआप बसते. अप्पांनी हाताने लिहिलेल्या तळटिपा चौदा प्रकारच्या होत्या, असं तिने मोजून सांगितलं होतं. जिथे जी पद्धत वाचली, तिथे ती त्यांना बरी वाटली होती.

ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अप्पा, म्हणजे रघुवीर वागळे, विम्याच्या ऑफिसात कारकून होते. संपाशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण दोन वर्षं दर रविवारी ते लालबाग, परळ, करी रोडच्या चाळींतून हिंडले आणि एकशे अडुसष्ट घरांतलं बोलणं कार्डांवर उतरवून आणलं. का, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. पुढे तीस वर्षं कार्डं पलंगाखाली राहिली. आपण कोण लिहिणारे? ना गिरणीत काम केलं, ना कॉलेजात शिकवलं. निवृत्तीनंतर पुस्तक लिहून झालं, तरी ते कुणाला दाखवायला आणखी सहा वर्षं गेली.

दाखवलं तेव्हा दादरच्या प्रकाशकांनी दुसऱ्याच दिवशी फोन केला. पहिल्याच वाक्याने पकडलं म्हणाले. ‘भोंगा बंद झाला, त्या आठवड्यात आमच्या घरात तीनदा भात करपला.’ भिवा धुरी, करी रोड. पुस्तकात हा भिवा एकोणीस ठिकाणी बोलत होता. प्रकाशकांना तो इतका आवडला होता की मुखपृष्ठावर त्याचंच नाव घालू म्हणत होते. संदर्भ तेवढे एकसारखे करून महिन्याच्या शेवटच्या सोमवारी द्या, नाहीतर यंदाच्या यादीतून पुस्तक काढावं लागेल, एवढीच त्यांची अट होती. अप्पांचं वय शहात्तर. पुढच्या यादीवर त्यांचा भरवसा नव्हता.

मृणालिनी कार्डावरून मजकूर वाचत नोंदीत भरत होती. मध्येच थांबली.

“मामा, हे धुरी पहिल्या पाळीला होते?”

“हो. लिहिलंय ना वर.”

“मग भोंगा व्हायचा तेव्हा हे गिरणीत, साच्यावर कापड विणत.”

“हो.”

“मग चुलीवरून भात कोण उतरवत होतं?”

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं.

“घड्याळ नसणार घरात. भोंगा झाला की भात उतरवायचा. भोंगा बंद, तर भात करपला,” मृणालिनी म्हणाली. “हे चुलीपुढच्या माणसाचं बोलणं आहे. तुम्हाला काय वाटलं होतं?”

“मला वाटलं, दुःखाने लक्ष राहिलं नाही.”

“कधी भात लावलाय तुम्ही?”

अप्पांनी लावला नव्हता. आधी आई होती, मग बहीण, मग खानावळ. त्यांनी कार्ड हातात घेतलं. सायक्लोस्टाइल केलेले रकाने: कामगाराचे नाव, बिल्ला क्रमांक, खाते, पाळी, घरात माणसे किती. रकाने त्यांनीच आखले होते. घरात शिरलं की आधी ते भरायचे आणि मग खाली बोलणं लिहीत जायचं. बोललं कोण, याला रकानाच नव्हता.

“आवाज आठवतोय? बाईचा की पुरुषाचा?”

अप्पांनी डोळे मिटले. बिऱ्हाड आठवलं, चटई आठवली. कागदावर झुकलेली आपली मान आठवली. परक्या घरातल्या बाईकडे वर मान करून बघणं त्यांना कधी जमलं नव्हतं, मग तिचं नाव विचारणं तर दूरच. आवाज मात्र येईना. इतक्या वर्षांत ती सगळी वाक्यं एका जाडसर, घोगऱ्या आवाजात त्यांच्या कानात मुरली होती आणि तो आवाज त्यांनी स्वतःच भिवाला दिला होता, हे त्यांना आता कळत होतं.

“‘धुरी कुटुंब’ घालू या,” मृणालिनी म्हणाली. “चालतं तसं. आठच दिवस राहिलेत, मामा.”

“चालतं,” अप्पा म्हणाले. पण कार्ड त्यांनी तिला परत दिलं नाही.

मंगळवारी ते करी रोडला गेले. चाळीच्या जागी टॉवर उभा होता आणि त्याच्या पाठीशी, जुन्या भाडेकरूंसाठी, एक बारीक उंच इमारत. नाव तेवढं चाळीचंच ठेवलं होतं. वॉचमनने अकरावा मजला सांगितला.

दार उघडंच होतं. एक म्हातारी जमिनीवर पेपर पसरून सुक्या बोंबलांची डोकी मोडत बसली होती.

“भिवा धुरींचं घर हेच का? मी ब्याऐंशी साली आलो होतो, संपाच्या वेळी. माहिती लिहून घ्यायला.”

“ते जाऊन बारा वर्षं झाली.” तिने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “तुम्ही ते खाली बघणारे मास्तर ना?”

“मास्तर नाही. विम्याच्या ऑफिसात—”

“तेच ते. तुम्ही गेल्यावर मी ह्यांना म्हटलं पण होतं, हो माणूस लाद्यो मोजूक इलो की काय!”

अप्पांची नजर लादीवरच होती. त्यांनी ती घाईने उचलली.

“बसा ओ. खुर्ची मोडणारी नाय.”

त्यांनी पिशवीतून कार्ड काढलं आणि वाचायला सुरुवात केली. म्हातारीचे हात चालूच होते. भाताच्या वाक्याला ती हसली.

“तीनदा नाय, चारदा. चौथ्यांदा पाणी घालून पेज केली. कुणाला कळू नाय दिलं.”

“म्हणजे हे तुम्ही सांगितलंत?”

“मग कोण? ह्यांना करपलेलं कळायचं तरी काय? पानात पडेल ते जेवायचे.”

“आणि बाकीचं? पोराला गावी धाडल्याचं, शेजारणीने दिलेल्या पिठाचं?”

“काय ओ, तुम्ही विचारायचात ह्यांच्याकडे बघून. म्हणजे ह्यांच्या पायांकडे. आणि उत्तर द्यायचे मी. कुणीतरी द्यायला नको? दारात आलेल्या माणसाला काय मुक्याने परत पाठवायचं?”

“ते का नाही बोलले?”

तिचे हात थांबले.

“ते तेव्हा बोलतच नव्हते. कुणाशीच. त्या दिवाळीत जे गप्प झाले, ते दीड वर्ष. पुढे वॉचमनची नोकरी लागली तेव्हा तोंड उघडलं. ‘कोण? कुठे जायचंय?’ घरात मी आले तरी तेच विचारायचे.” ती पुन्हा हसली आणि हाताला बोंबलाचा वास म्हणून कोपराने डोळे पुसले.

अप्पांनी कार्ड गुडघ्यावर ठेवलं. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. पुस्तक होतंय. त्यात हे सगळं आहे, पण धुरींच्या नावाने. चूक आपली आहे. आता नाव बदलायचं आहे.

“किती जागी आहे त्यांचं नाव?”

“एकोणीस.”

“आणि छापणार?”

“हो.”

“एकोणीस वेळा बोलले म्हणायचे.” तिने एक बोंबील उचलला, मोडला नाही, नुसताच हातात धरला. “राहू दे मग.”

“पण ते खोटं होईल.”

“माझं बोलणं अख्ख्या चाळीने ऐकलंय. अजून ऐकतात, खालच्या मजल्यापर्यंत जातंय म्हणतात. त्यांचं कुणी ऐकलं?”

अप्पांनी कार्ड पिशवीत टाकलं. ते उठले, दारात चपला घालताना अडखळले, आणि मग पाठमोरेच म्हणाले, “तुमचं नाव विचारायचं राहिलं होतं.”

“एवढी वर्षं लागली होय?” मागून आवाज आला. अप्पा वळले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले. “सुंदराबाई,” ती म्हणाली. “लिहायचं तर लिहा. पण ह्यांना पुसून टाकू नका. तेवढं बघा.”

बुधवारी दुपारी अप्पांनी लॅपटॉप उघडला. मृणालिनी तो आठवडाभर त्यांच्याकडेच ठेवून गेली होती. नाव एकोणीस ठिकाणी कसं बदलायचं, ते त्यांनी तिला फोन करून विचारलं.

“एकोणीस ठिकाणी नाही, मामा. मूळ नोंदीत एकदाच. बाकीचं ते बघतं.”

त्यांनी ‘भिवा’ पुसलं, ‘सुंदराबाई’ लिहिलं आणि मजकूर उघडला. पहिल्या पानाच्या तळाशी ‘धुरी, सुंदराबाई’. चौदाव्या पानाच्या तळाशी तेच. ते एकेक पान सरकवत शेवटपर्यंत गेले. भिवा कुठेच नव्हता. कार्डावर खोडलं असतं तर निदान रेघ दिसली असती. इथे माणूस होता याची खूणही उरली नव्हती.

खाली वाडीत कुणीतरी सायकल उभी करत होतं. अप्पा कार्ड समोर ठेवून बसले. भिवा काय बोलला होता? काही नाही. मग त्या तासाभरात आपण पाहिलं तरी काय?

खाली मान घातलेल्या माणसाला जे दिसतं तेच त्यांना दिसलं होतं. चटईची कड, तिच्यावर टेकलेले दोन पाय, आणि पायांमध्ये दोन हात. चटईचा सुटलेला एक धागा त्या हातांनी धरला होता. धागा तोडायचा, दोन्ही टोकं अंगठ्याखाली घ्यायची, एक पीळ, आणि जोड दिसूही नये असा तो सांधलेला. मग पुन्हा तोडायचा. तासभर. बाईचं बोलणं चाललं होतं आणि अप्पांची पेन्सिल बोलण्याच्या मागे धावत होती. हात कुठल्या रकान्यात बसत नव्हते, म्हणून ते कार्डावर उतरले नव्हते.

त्यांनी नवी नोंद उघडली. प्रकारांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली: पुस्तक, लेख, पत्र, नकाशा, चित्रपट. गप्प बसलेल्या माणसासाठी तिच्यात काही नव्हतं. अप्पांनी ‘मुलाखत’ हाच प्रकार निवडला. धुरी, भिवा. करी रोड, ५ डिसेंबर १९८२. खालच्या मोठ्या चौकटीत त्यांनी सावकाश लिहिलं: ‘बोलले नाहीत. मुलाखत चालू असताना तासभर चटईचा धागा तोडून सांधत होते. पाहणारा: रघुवीर वागळे.’

मग पहिलं पान काढून भाताच्या वाक्याखाली त्या हातांचा एक परिच्छेद घातला आणि त्याच्या शेवटी तळटीप दिली. तिला दोनचा आकडा मिळाला. पुढच्या सगळ्या टिपा एकेका आकड्याने सरकल्या आणि त्यांनी भिवाला जागा करून दिली.

संध्याकाळी मृणालिनीचा फोन आला.

“झालं ना, मामा? मग सोमवारी मी नेऊन देते.”

“सोमवारी नको. मी उद्या प्रकाशकांना फोन करतो.”

“यादीतून काढतील ते!”

“काढतील.”

“अहो, एका नावासाठी? किती काम राहिलंय असं?”

अप्पांनी खोक्यातून पुढचं कार्ड ओढलं. वर एका पुरुषाचं नाव होतं, बिल्ला क्रमांक होता, खातं होतं.

“एकशे सदुसष्ट,” ते म्हणाले.

मग त्यांनी फोन खांद्याशी धरला, वरच्या नावावर अंगठा ठेवला आणि खालचं बोलणं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.