जिन्याच्या वळणावर

ट्रम्पेटच्या माउथपीसच्या कडेला, जिथे ओठ टेकायचे तिथला रुपेरी मुलामा उडून आतले पितळ दिसत होते – आणि समोरचा गृहस्थ नेमक्या त्याच जागी आपले जाड बोट फिरवत होता, दुकानात कपाचा टवका तपासावा तसे. नंतर पुसून घेतला पाहिजे, तिने मनात म्हटले. गृहस्थ जुन्या गाण्यांचा अभ्यासक होता. असल्या माणसांना हल्ली मान असतो.

"आजी, काचेच्या पेटीत ठेवू आम्ही. साहेबांच्या फोटोखाली."

खाली... बरोबर आहे, जन्मभर हे जिथे होते तिथेच. साहेब म्हणजे संगीतकार. अत्तर लावून यायचे, दोन ओळी गुणगुणायचे, आणि मध्ये मोकळी जागा दिसली की हात हलवून ह्यांना सांगायचे, "इथे काहीतरी भर रे." ते काहीतरी माझ्या नवऱ्याने भरले, आणि लोक अजून गुणगुणतात ते तेवढेच.

"फक्त एवढं बोला," मोबाइल पुढे धरत अभ्यासक म्हणाला, "की ट्रम्पेट जिन्यावर उभा करायची कल्पना साहेबांची. तो लांबून येणारा सूर... काय दृष्टी होती माणसाला."

"बोला ना, आई," सूनबाई म्हणाली. तिने पाहुण्यांचे कप काढले होते. "बाबांचंही नाव होईल तेवढंच."

दृष्टी म्हणे. मायक्रोफोन एकच, ट्रम्पेट खणखणीत, आणि त्याच्यापुढे गायिकेचा नाजूक – नाजूक कसला, नाकातला – आवाज बुडून जायचा. शेवटी रेकॉर्डिंग करणाऱ्याने दाराकडे बोट दाखवले, "तुम्ही बाहेर व्हा." झाली दृष्टी. जिन्याच्या वळणावर, झाडू-बादलीशेजारी... तिथे आतले गाणे उशिरा ऐकू येते, तिथला सूर आत उशिरा पोचतो, आणि लांबून तो जरा उतरलेलाही वाटतो. म्हणून हे कानावर येणाऱ्या गाण्याच्या किंचित पुढे वाजवायचे, किंचित चढे लावायचे, की आत सगळे जिथल्या तिथे पडावे. साहेब म्हणायचे, वा, जमलं. काय जमलं ते त्यांना कुठे ठाऊक होते, आणि ह्या मोबाइलवाल्याला सांगून तरी काय कळणार?

घरीही नवऱ्याची तीच घाई. तिचे वाक्य संपायच्या आत "हो" म्हणायचे, चहा पुरता निवायच्या आत उठायचे. उतावळा माणूस, ती बहिणीला सांगायची. बाहेर काढतात आणि हे मुकाट जातात. एकदा विसरलेला डबा घेऊन ती स्टुडिओत गेली, ती "लाज कशी वाटत नाही तुम्हांला" असे विचारायचे ठरवूनच...

"ह्या माउथपीसची डबी आत आहे. आणते," ती उठत म्हणाली.

डबी कपाटातच होती. ती घेऊन ती पॅसेजमध्ये आली, तोच बाहेरच्या खोलीत अभ्यासकाने ते गाणे लावले. नाकातला आवाज, व्हायोलिनचा लगदा... मग तो सूर. दोन भिंतींपलीकडून, आधीच लांबचा, आणखी लांबून. इस्त्रीच्या टेबलाला धरून ती उभी राहिली.

डबा घेऊन गेली त्या दिवशी जिन्याच्या वळणावर नवरा असाच उभा होता. डोळे मिटलेले, एक बूट काढलेला, मोज्यातला पाय थंड पायरीवर ठेका धरत – आतल्या गाण्याच्या पुढे. आणि चेहऱ्यावर... तिने इतकी वर्षे त्याला सोसणे म्हटले होते. त्या सोसण्याचा केवढा राग तिने साहेबांवर काढला, केवढ्या जणांना मनातून जोड्यापाशी उभे केले. पण ओठांची ती कड सोसणाऱ्याची नव्हती. त्यांनी दार लावून घेतले होते. साहेब, गायिका, वा-वा करणारे – सगळ्यांना आत कोंडून ते एकटे बाहेर मजेत होते, आणि त्या सगळ्यांची त्यांना कवडीची किंमत नव्हती. मग डोळे उघडले, डब्यासह ती दिसली, आणि तो चेहरा गेला. तिने काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "कशाला त्रास घेतलास?"

म्हणजे मीही आतच होते. त्यांच्यात.

सूर संपला. अभ्यासकाने तो पुन्हा मागे घेऊन लावला. तिचे बोट डबीवर वाजत होते, ठेक्याच्या जरा आधीच पडत होते.

"आजी, डबी सापड–"

"हो," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.