शनिवारचं काळं तेल

शनिवारी सकाळी राजपुऱ्याच्या चौकात एवढी गर्दी लोटली, की भाजीवालीनं आपलं टोपलं उचलून ओट्यावर ठेवलं. मधोमध दिगंबरची टॅक्सी, बॉनेट उघडं आणि त्यात वाकलेले, शनी उतरवून देणारे लोटू महाराज. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेल्याला जेमतेम महिना झाला होता. शनी मात्र बुऱ्हाणपुरातच मुक्कामाला होता, असं महाराजांचं म्हणणं.

"शनिदेव काला, तेल काला! बंद करो इंजन!" महाराज गरजले. डायनामोवर शाल पांघरली, आत हात घातला आणि डोळे मिटून पुटपुटू लागले. मागे दोनदा असंच झालं होतं. शाल निघाली, इंजिन चालू झालं आणि स्टिअरिंगसमोरचा मेलेला विजेचा काटा टणकन उडाला. बायकांनी मोटारीला कुंकू लावलं होतं.

दिगंबर मुंडण केलेल्या डोक्यानं, हात जोडून उभा होता. त्याची बायको विमल हिला जाऊन पंधरा दिवस झाले होते. भर दुपारी कळा सुरू झाल्या आणि दारातली मोटार हूं की चूं करेना. हँडल मारून मारून त्याचे तळहात सोलले. महाराजांकडे माणूस धाडला, तर निरोप आला, 'शनी उतरेपर्यंत थांब.' दिगंबर दोन तास थांबला. मग बैलगाडी जुंपली, पण दवाखान्याच्या वाटेवरच विमल गेली, पोटातलं बाळही गेलं. घरात चार वर्षांची लेक वंदना तेवढी उरली. शनीनं तिलाही गिळू नये म्हणून तो आज इथं उभा होता.

चार्ज केलेली बॅटरी आणून गाडीत बसवलेला कडू मिस्त्री शेजारीच होता. त्याच्या नाकात घासलेटाचा वास शिरला.

"महाराज, मूठ उघडा."

"छूना मत! कोप होईल!"

मिस्त्रीनं शालच ओढली. महाराजांच्या मुठीत घासलेटानं भिजलेली काळी चिंधी होती.

"हा घ्या चमत्कार! डायनामोत कार्बन तांब्याच्या कड्यावर घासतो, तव्हा वीज बॅटरीत जाते. मधी तेल आलं की अडते, बॅटरी मरते अन् गाडी बंद; पुसलं की वीज चालू. महाराज पहिले लारीवर क्लीनर असतीन. पण दिगंबरभाऊ, इतकं तेल येतं कुठून?"

"मीच ओततो डायनामोवर," दिगंबर म्हणाला. "दर शनिवारी. इंजिनातलं काळं तेल, शनीले. महाराजांनीच..."

बोलता बोलता त्याला उमगलं, की त्या दुपारी मोटार त्याच तेलानं अडली होती, आणि तो मटकन खाली बसला. महाराजांनी तेवढ्यात काढता पाय घेतला. त्यांच्यामागे धावायचंही कुणाला सुचलं नाही.

मिस्त्रीनं दिगंबरला हाताला धरून उठवलं. "ये, तूच पूस. पहिले बॅटरीची तार सोड. इंजिन गार होऊ दे. पेट्रोल बिलकुल नको, एक ठिणगी उडाली तर गाडी जळंल. चिंधी घासलेटानं ओली पाहिजे, टपकती नको. अन् पुरतं वाळल्याबिगर तार जोडायची नाही."

दिगंबरनं सगळं तसंच केलं. हँडल मारलं आणि पहिल्याच झटक्यात मोटार सुरू झाली. काटाही उडाला. लोकांनी टाळ्या पिटल्या. दिगंबर ओक्साबोक्शी रडू लागला.

"टाळ्या नका वाजवू रे," तो म्हणाला. "एका चिंधीचं काम होतं. मी मिस्त्रीले विचारलं नाही, शनीले विचारलं. तुम्ही माझ्यासारखे थांबू नका. गाडी बिघडली तर मिस्त्रीले विचारा, माणूस दुखण्यात पडलं तर डॉक्टरले. अन् कोणी म्हणालं थांब, तर पहिले त्यालेच विचारा, कायले?"